एकास त्रेचाळीस

ट्रॉलीबसच्या थांब्याला पाठ लावून माझी टपरी.
वर्तमानपत्रं, शब्दकोडी, काड्यापेट्या,
सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या,
आणि दर पंधरवड्याला एक लढाऊ गाडी,
प्लास्टिकच्या फुग्यात, पुठ्ठ्याला चिकटलेली,
सोबत सोळा पानं माहिती.
घेणारे ठरलेले:
दंतवैद्य गेनादी, त्याला अंक क्रमाने लागतात,
आणि शाळकरी तिमोखा, त्याला उधारीवर.

रुफिना आर्खिपोव्हना असलं काही घेत नसे.
तिचा व्यवहार म्हणजे एक शब्दकोडं
आणि मागच्या शब्दकोड्याबद्दल एक तक्रार.
त्या दिवशी मात्र काचेला नाक लावून उभी राहिली
इतका वेळ
की तिच्याच वाफेने तोफ दिसेनाशी झाली.
"ही," म्हणाली. "बिनछपराची."

मी पुठ्ठ्यामागचं वाचून दाखवलं:
स्वयंचलित तोफ, शहात्तर मिलिमीटर,
प्रमाण एकास त्रेचाळीस.
"म्हणजे?"
म्हणजे खऱ्याला त्रेचाळीसने भागायचं.
तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी भागलं,
नाणी मोजून ठेवली,
आणि सुटे न घेताच गेली. रुफिना! सुटे न घेता!

दुसऱ्या दिवशी हजर.
"यात माणसं नाहीत."
कंपनी माणसं देत नाही, मी म्हटलं.
"चार असायची. एक पुढे, इंजिनाच्या उबेला.
तीन मागे, उघड्यावर.
बर्फ पडला की थेट मानेत."
तुम्हाला काय माहीत?
तिने हातमोजा काढला.
अंगठ्याच्या मुळाशी ठिणगीचा डाग,
मसुराएवढा, गुळगुळीत.

चौदाव्या वर्षी कारखान्यात.
लेथ उंच, म्हणून पायाखाली खोकं.
रात्रपाळीला पावाचा तुकडा गालात धरायचा,
गिळायचा नाही, म्हणजे झोप येत नाही.
भाऊ प्रोखोर तोफखान्यात, पत्ता नाही,
नुसता एक आकडा.
"एका गाडीत, डाव्या पत्र्यावर, आतून,
मी खिळ्याने कोरलं: टोपी घाल.
कुणाला मिळेल कुणास ठाऊक.
सकाळी रंगारी आला, हिरवा रंग फासून गेला.
पण कोरलेलं रंगाखाली राहतं."

मग भिंग घेऊन बसली होती म्हणे रात्रभर.
मी विचारलं, सापडलं?
माझ्याकडे असं पाहिलं, जसं पाढे चुकणाऱ्या पोरीकडे बघतात.
"त्रेचाळीसने भागल्यावर अक्षर कुठे उरतं, कपितोलिना?
धूळसुद्धा त्याहून मोठी."

गेनादीचा नेमका तोच अंक चुकला होता.
सोची का कुठे गेला होता, दात सोडून.
परतला तोवर माल संपलेला.
दुप्पट देतो, म्हणाला. मग तिप्पट.
मग, एक कवळी फुकट.
मी म्हटलं, तिलाच विचार.

डिसेंबरात रस्ता काचेसारखा झाला,
ती खाली उतरेना, म्हणून शब्दकोडं पोचवायला
आम्ही दोघं चार जिने चढलो.
खिडकीच्या दोन तावदानांमध्ये
थंडी अडवायला कापूस भरलेला,
आणि त्या कापसात, पट्ट्यांपर्यंत रुतून,
ती उभी. तोंड नदीकडे.
वर ताडपत्री.
जुन्या रेनकोटाची, बोटभर,
कडेने टाके इतके बारीक
की त्र्याऐंशीच्या डोळ्यांनी कसे घातले
ते मी विचारलं नाही.
चार कोपऱ्यांना चार नाड्या, चारही बांधलेल्या.

गेनादी घसा खाकरून म्हणाला,
असं काही शिवलं की किंमत जाते.
"जाऊ दे."
नुसतं आतून एकदा बघू?
तिने चहा ओतता ओतता, मान न वळवता:
"वरून काढू नकोस. सांधीतून बघ."

हा एवढा मोठा माणूस, लोकांच्या जबड्यात वाकून वाकून पाठ गेलेला,
गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच्या कपाटात बावीस नंबरची जागा अजून रिकामी आहे.
तिथे तो चाव्या ठेवतो.